उत्तराचा रकाना
(नभोवाणीवरील भाषण)

‘नवोदित कथालेखकाचा दिनक्रम’ या विषयावर आपण काही बोलावे, अशी सूचना मला झाली तेव्हा प्रथम हसूच आले. मोठ्या लेखकाचा दिनक्रम ऐकण्याची उत्सुकता लोकांना असते, हे मी समजू शकतो. तो पहाटे उठून लिहितो की रात्री जागून, याचे वाचकाला कुतूहल वाटते. कारण त्याची पुस्तके त्याने आधी वाचलेली असतात. परंतु ज्याच्या अवघ्या पाच कथा आजवर छापून आल्या, त्याच्या दिवसाची हकीकत कोणी का ऐकावी? मग विचार केला, की नामवंत लेखक आपल्या उमेदवारीच्या दिवसांविषयी सांगतात ते माडीवर पोहोचल्यानंतर. तेथून जिन्याच्या पायऱ्या सोप्या दिसत असतील. मी अजून जिन्यातच उभा आहे. तेव्हा जिन्यात काय दिसते व काय दिसत नाही, एवढेच सांगण्याचा अधिकार मला आहे, आणि तेवढेच मी सांगणार आहे.

मी इंदूरचा. अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग जी मराठी कुटुंबे माळव्यात आली व येथलीच झाली, त्यांपैकी आमचे एक. रामबागेच्या बाजूला एका बोळात आमचे जुने घर आहे. कापडबाजारातील एका पेढीवर मी हिशेब लिहितो. 2001 साली इंदुरास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्या वेळी मी शाळेत होतो आणि स्वयंसेवकाचा बिल्ला लावून मांडवात पाणी देण्याचे काम करीत होतो. अध्यक्षस्थानी विजया राजाध्यक्ष होत्या. त्या स्वतः कथालेखिका आहेत, हे वडिलांनी मला सांगितले. कथा लिहिणारे माणूस असे समोर बसलेले असते, चष्मा पुसते, पाणी मागते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. भाषणातील फारसे काही कळले नाही. पण आपणही कथा लिहावी ही इच्छा तेथून मनात शिरली ती निघाली नाही.

आता दिनक्रम. मी पहाटे पाचला उठतो. यात तपश्चर्येचा भाग काही नाही. साडेसहाला दूधवाला येतो, सातला मुलीच्या शाळेची घाई सुरू होते, नवाला पोहे खाऊन मी बाहेर पडतो आणि रात्री आठशिवाय पेढीवरून सुटका होत नाही. तेव्हा पाच ते साडेसहा हा दीड तास तेवढा माझा. स्वयंपाकघरातील टेबलावर, काल रात्री पुसलेल्या ओल्या डागांवर वर्तमानपत्र अंथरून मी वहीत लिहितो. चांगला दिवस असेल तर दीडशे-दोनशे शब्द होतात. पुष्कळदा कालचे दीडशे खोडण्यातच वेळ जातो. दुपारी पेढीवर जेवणाची सुट्टी असते, तेव्हा गठ्ठ्यांच्या आड बसून वहीतला मजकूर मोबाइलवर उतरवून घेतो. आमचे शेठजी भले गृहस्थ आहेत. एकदा त्यांनी विचारले, “कहानी लिखते हो? एक के कितने मिलते हैं?” मी खरा आकडा सांगितला. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला असावा. कारण त्यानंतर त्यांनी तो विषय दयेने पुन्हा काढला नाही.

पेढीवरचा माणूस असल्यामुळे मी माझ्या कथांचीही एक वही ठेवली आहे. तिच्यात पाच रकाने आहेत: कथेचे नाव, शब्दसंख्या, कोठे पाठविली, पाठविल्याची तारीख आणि उत्तर. गेल्या आठ वर्षांत मी चौदा कथा लिहिल्या आणि त्या एकंदर एकतीस वेळा बाहेर धाडल्या. उत्तराच्या रकान्यात पाच ठिकाणी ‘स्वीकृत’ आहे, नऊ ठिकाणी ‘नकार’ आहे, आणि उरलेल्या सतरा ठिकाणी काहीच नाही. नवोदित लेखकाच्या जीवनाविषयी मला जे काही ठाऊक आहे, ते या कोऱ्या सतरा चौकोनांनी शिकविले आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना ‘साभार परत’ हे शब्द आठवत असतील. पूर्वी कथा पाठविताना कागदाच्या एकाच बाजूस, समास सोडून, सुवाच्य अक्षरात लिहावी लागे. आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट जोडावे लागे. कथा नापसंत झाली की आपल्याच अक्षरातले ते पाकीट टपालवाला आपल्याच हाती आणून देई. आमच्या शेजारी नाना म्हणून एक निवृत्त शिक्षक राहतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांनी तरुणपणी कथा लिहिल्या. त्यांच्यापाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि तो अशा छापील चिठ्ठ्यांनी भरलेला आहे. नाना म्हणतात, “पाकीट जाड आलं की कथा परत आली, आणि पातळ आलं की स्वीकारली. टपालवाल्याच्या हाताकडे पाहूनच कळायचं. तुमच्या त्या ईमेलला जाडी नाही रे!”

नानांचे म्हणणे खरे आहे. आता कथा युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलने पाठवावी लागते. क्वचित एखादे नियतकालिक छापील प्रत मागते; पण तिकिटे लावलेले पाकीट कोणी मागत नाही. ज्या रजिस्टर टपालाच्या पावत्या नाना जपून ठेवीत, ती सेवाही 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झाली. खर्च वाचला, वेळ वाचला. पण त्याबरोबर नकारही वाचला, ही मात्र हानी झाली. संपादकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. कळ दाबून कथा पाठविता येऊ लागल्यावर त्यांच्याकडे किती कथा येऊन पडत असतील, याची कल्पना करता येते. अनेक ठिकाणी संपादक म्हणजे एकच व्यक्ती. तीच जाहिराती मिळविते, तीच मुद्रिते तपासते. तिने प्रत्येकाला ‘नाही’ म्हणून कळवावे तरी केव्हा? तथापि ‘नाही’ या शब्दातही एक प्रकारचा मान असतो. कोणीतरी कथा हातात घेतली, वाचली आणि बाजूला ठेवली, एवढे तरी त्यातून समजते. मौनातून तेही समजत नाही.

शिवाय मौनामुळे एक व्यावहारिक अडचण होते. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये, असा आपल्याकडे संकेत आहे आणि तो मला योग्य वाटतो. दोघांनीही छापली तर दोघांचीही फसवणूक होते. परंतु संकेत पाळणाऱ्याची कथा उत्तर येईपर्यंत अडकून पडते. मी चार महिने थांबतो. मग स्मरण देणारे दोन ओळींचे पत्र लिहितो, आणखी एक महिना पाहतो, आणि नंतर कथा मागे घेत असल्याचे कळवून ती दुसरीकडे धाडतो. या हिशेबाने एक कथा वर्षात दोनच दारे ठोठावू शकते.

त्यातून आपल्या कथेचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नाही. ते दिवाळीप्रमाणे चालते. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचा मोठा बाजार याच सणाला भरत आला आहे. दिवाळी आश्विन-कार्तिकात, पण अंकांसाठी कथा मागविल्या जातात त्या उन्हाळ्यात, आणि आषाढापर्यंत बहुतेक दारे बंद होतात. त्यामुळे वैशाखाच्या उकाड्यात, पंख्याखाली कागद उडू नये म्हणून त्यावर वाटी ठेवून, मी थंडीतल्या पहाटेचे वर्णन लिहिलेले आहे. आणि घराघरांत फराळ तळला जात असतो, तेव्हा माझी दिवाळी होऊन गेलेली असते. राहिलेले असते ते एवढेच, की दुकानात जाऊन अनुक्रमणिकेत आपले नाव नाही ना, याची खात्री करून घेणे.

आता ज्या एका प्रसंगासाठी मी हा विषय स्वीकारला, तो सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली. आमच्याकडे जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूने दगडी चौथरा असतो. त्याला आम्ही ‘ओटला’ म्हणतो. संध्याकाळी बायका ओटल्यावर बसतात, भाजी निवडतात, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करतात. माझ्या कथेतील म्हातारी चाळीस वर्षे अशी ओटल्यावर बसत आली आहे. रस्ता रुंद करताना तिच्या घराचा ओटला तोडला जातो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरातून पाट आणते आणि ओटला जेथे होता तेथेच, म्हणजे आता भर रस्त्यात, मांडून बसते. एवढीच कथा.

ती एका दिवाळी अंकाकडे पाठविली. सोळाव्या दिवशी संपादकांचे उत्तर आले! कथा आवडली होती. मात्र काही सुधारणा कराव्यात, म्हणजे ती घेता येईल, असे त्यांनी लिहिले होते. आणि सोबत अकरा सूचनांची यादी होती. ज्याच्या वहीत ओळीने कोरे चौकोन आहेत, त्याला ‘घेता येईल’ या दोन शब्दांचा अर्थ काय वाटतो, हे मी सांगावयास नको. पत्नीला उठवून मी ते पत्र वाचून दाखविले. ती म्हणाली, “अहो, मग करून टाका ना सुधारणा. आहे काय त्यात?”

मीही तसाच बसलो. पहिल्या आठ सूचना वाचून माझी मान खाली गेली. मी लिहिले होते, ‘त्याने तिची मदत केली.’ संपादकांनी विचारले होते, “तिला मदत केली, असे हवे ना?” मी लिहिले होते, ‘सुनेने जेवण बनविले.’ मराठीत स्वयंपाक करतात. सर्वांत मोठी चूक अशी, की ‘मुलाला उत्तम शिक्षा मिळाली’ असे मी लिहून गेलो होतो. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत काय, ते आपण जाणता. पुण्यातील वाचकाला वाटले असते, की त्या पोराला चांगलेच बडविले! दिवसभर हिंदीत वावरणाऱ्याच्या लेखणीत हिंदी कशी नकळत उतरते, हे मला कोणी इतक्या स्पष्टपणे दाखविले नव्हते. आठही दुरुस्त्या मी कृतज्ञतेने केल्या.

उरल्या तीन. ‘ओटला’ऐवजी ‘ओटा’ करावे. म्हातारी “मी येऊन राहिले आहे” म्हणते, तेथे “मी येते आहे” करावे. आणि दूधवाला हिंदीत बोलतो, त्याला मराठीत बोलवावे. येथे हात थांबला. दोन दिवस मी त्या तीन जागांभोवती फिरत होतो. शेवटी वही घेऊन नानांकडे गेलो.

नानांनी कथा वाचली, यादी वाचली. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर तो डबा उघडून त्यांनी तळाशी ठेवलेला एका मासिकाचा पिवळा पडलेला अंक काढला. म्हणाले, “ही माझी कथा. 1968 सालची. हिच्यातली माणसं आपल्या बोळातली होती. संपादकांनी सुचवलं म्हणून मी बोळाचं नाव काढलं, माणसांचं बोलणं धुवून काढलं. छापून आली. पंधरा रुपये आले. बायकोला वाचून दाखवायला बसलो, तर ती म्हणाली, ‘ही कुठली हो माणसं?’ तिला ओळखूच आली नाहीत.” मग अंक परत डब्यात ठेवीत ते म्हणाले, “तू बदल नकोस असं मी म्हणत नाही. मला त्या वेळी कोणी काही सांगितलं नाही, एवढंच.”

घरी आल्यावर मी त्या तीन जागा पुन्हा वाचल्या आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: ही माझी चूक आहे, की माझ्या पात्राचे बोलणे आहे? ‘तिची मदत केली’ हे निवेदक म्हणत होता, आणि निवेदक म्हणजे मी. ती माझी चूक. परंतु ‘येऊन राहिले आहे’ हे म्हातारी म्हणत होती, आणि ती दुसरे काही म्हणूच शकत नव्हती. तिच्या तोंडी ‘येते आहे’ घातले असते, तर रस्त्यात पाट मांडून बसणारी ती बाई राहिली नसती. ‘ओटला’ हा शब्द तर अधिकच अवघड. आज महाराष्ट्रातील शहरी वाचक ‘ओटा’ म्हटल्याबरोबर स्वयंपाकघरातील ओटा डोळ्यांपुढे आणील. आणि माझी म्हातारी चाळीस वर्षे गॅसच्या शेगडीशेजारी चढून बसली होती, असे त्याला वाटेल! राहता राहिला दूधवाला. तो आमच्याकडे येतो, दूध घालतो आणि हिंदीत बोलतो. त्याला मराठी शिकविणे माझ्या हाती नव्हते.

असे काही करणारा मी पहिला नव्हतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसे’ 1949 साली आली. 1952 साली बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माणदेशची बोली आणि खानदेशची बोली मराठी वाचकाने आपली म्हणून डोक्यावर घेतली. धारवाडसारख्या कन्नड मुलखात इंग्रजी शिकवीत राहून जी. ए. कुलकर्णी यांनी कथा लिहिल्या आणि त्यांच्या ‘काजळमाया’ला 1973 सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. तेव्हा मराठीची हद्द नकाशावरच्या हद्दीएवढीच आहे, असे मानण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट मी ध्यानात ठेवली. या थोरांची नावे मी संपादकांना लिहिलेल्या पत्रात घातली नाहीत. मोठ्यांची नावे पुढे करून आपली कथा मोठी होत नसते.

पत्र साधे लिहिले. आठ दुरुस्त्यांबद्दल मनापासून आभार मानले, आणि तीन जागा का बदलता येत नाहीत, ते तीन वाक्यांत सांगितले. ‘ओटला’ शब्द प्रथम येतो तेथे त्याचे वर्णन वाढविले, म्हणजे वाचक अडणार नाही, असेही कळविले. पत्र पाठविले आणि त्या दिवशी पेढीवर एका रकमेची बेरीज तीन वेळा चुकलो.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आले. ‘आपला आग्रह समजला. परंतु यंदा पाने भरली आहेत. कथा साभार परत.’

श्रोतेहो, आपले म्हणणे टिकविल्याचा आनंद वगैरे मला मुळीच झाला नाही. वाईट वाटले, आणि त्याहून अधिक म्हणजे आपण मूर्खपणा तर केला नाही ना, या शंकेने मी पछाडलो. एक शब्द बदलला असता तर काय बिघडले असते? त्या दिवाळीत तो अंक मी विकत घेतला नाही. पंधरा दिवसांनी मात्र वाचनालयात बसून वाचला. अंक चांगला होता, हेही सांगितले पाहिजे.

पुढल्या वर्षी ती कथा एका लहानशा नियतकालिकाने घेतली. मानधन नाही; अंकाच्या दोन प्रती. ‘ओटला’ होता तसा छापला. महिन्याभरात तीन वाचकांचे फोन आले. त्यांपैकी एक बाई बडोद्याहून बोलत होत्या. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे गुजरातीत ‘ओटलो’ म्हणतात. माझ्या सासूबाई अशाच बसायच्या.” आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, “तुमची ती म्हातारी आता कुठे बसते?” कथालेखकाला याहून मोठे मानधन कोणते मिळावयाचे?

एक प्रत मी आईला दिली. तिने चष्मा लावून अर्धी कथा वाचली आणि म्हणाली, “हे काय लिहिलंस? ‘येऊन राहिले’ असं कोण बोलतं आपल्याकडे? मी नाही बाई कधी असं म्हणत.” मी म्हटले, “बरं, पुढे तर वाच.” त्यावर ती उठत म्हणाली, “आता नको. कुकर लावून राहिले आहे ना मी!”

नवे लिहिणारे जे कोणी ऐकत असतील, त्यांना उपदेश करण्याची माझी योग्यता नाही. पण वही ठेवा, एवढे मी हिशेबनीस या नात्याने सांगेन. संपादकाची सूचना आली तर ती रागाने किंवा लोभाने वाचू नका; दोन दिवस जाऊ द्या, आणि मग प्रत्येक सूचनेपुढे लिहा: माझी चूक, की पात्राचे बोलणे? अकरांपैकी आठ वेळा उत्तर ‘माझी चूक’ असेच येईल, अशी तयारी ठेवा. आणि एक कथा धाडली की त्याच पहाटे दुसरी सुरू करा. वाट पाहणे हा उद्योग नव्हे; तो दुसरा उद्योग चालू असताना मागे चालू ठेवावयाचा असतो.

जाता जाता आणखी एक सांगतो. या वैशाखात मी नवी कथा पूर्ण केली आणि ती त्याच संपादकांकडे पाठविली, ज्यांनी अकरा सूचना केल्या होत्या. नाना म्हणाले, “पुन्हा तिथेच?” मी म्हटले, “नाना, माझी कथा इतक्या बारकाईने वाचणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.” पाठविण्यापूर्वी ‘मदत’ आणि ‘शिक्षा’ हे शब्द मी चार वेळा तपासले. वहीत बत्तिसावी ओळ लिहिली, तारीख घातली. शेवटचा रकाना अजून कोरा आहे. उद्या पाचला उठावयाचे आहे, म्हणून आपली रजा घेतो.